न पुसलेल्या तारा

बायको, देवकाबाई, गेल्याचं मधुकररावांना कळलं तेव्हा ते सिंदीच्या बाजार समितीच्या यार्डात कापसाच्या गाडीजवळ रांगेत उभे होते. पहिल्या वेच्याचा कापूस होता. सकाळचं ऊन नुकतंच अंगावर आलं होतं. फोन प्रेमदासचा आला. प्रेमदास म्हणजे बायकांच्या भजनमंडळातला ढोलकीवाला, मंडळातला एकुलता एक पुरुष. पण फोनवर बोलली ती विमलाबाई, मंडळाची प्रमुख.

"भाऊजी, कुठी आहा तुम्ही?"

"यार्डात. काऊन?"

"घरी या."

"अवो, गाडी लायनीत लागली हाय माझी. काय झालं ते सांगा न."

"ऑटो पलटला आमचा. हिंगणीहून येतानी."

"कोणाले लागलं?"

मग फोन प्रेमदासनं घेतला. "मधुकरभाऊ," तो म्हणाला, "वैनी नाई राह्यल्या."

मधुकरराव "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. पुढची गाडी सरकली म्हणून त्यांनीही आपली गाडी तेवढी पुढे घेतली, ब्रेक लावला, खाली उतरून चाकाला दगड लावला. मागच्या गाडीवाल्याला म्हणाले, "माझी गाडी पाहजो जरा." तो म्हणाला, "चहा प्यायले चालले का?" त्यावर मधुकरराव काय बोलले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

त्या दिवशी घरी देवकाबाईच्या आधी तिची गिटार आली. देवकाबाई सरकारी दवाखान्यात होती, चिरफाड व्हायची होती, कागद व्हायचे होते. ढोलकी फुटली होती. टाळांच्या पिशवीचा बंद तुटला होता. गिटारला ओरखडाही नव्हता. बायकांनी ती खाटेवर ठेवली आणि तिच्याकडे पाहून रडायला लागल्या, कारण रडायला घरात दुसरं काही आलं नव्हतं.

झालं ते असं. हिंगणीला एका घरभरणीचं रात्रभराचं भजन होतं. पहाटे आटोपलं, चहापाणी झालं, आणि ऑटोत बसून सगळ्या परत निघाल्या. धरणाच्या जंगलाकडून रानडुकरांचा कळप रस्त्यावर आला. ऑटोवाल्यानं गाडी एकदम कडेला दाबली आणि ऑटो कलंडला. कोणाचा हात मोडला, कोणाचं डोकं फुटलं. देवकाबाई कडेला बसली होती.

"साऱ्यांनी दांडा धरला जी," विमलाबाई कपाळावरच्या पट्टीला हात लावून सांगत होती. "इनं नाई धरला. दोन्ही हात गिटारले. गिटार वर धरली आन् खुद्द गेली खाली."

रोशन, देवकाबाईचा मुलगा, दाराशी उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तो बाहेर निघून गेला. गिटार मुळात त्यानंच घरात आणली होती.

नागपूरला कॉलेजात असताना रोशनला गिटारचं वेड लागलं होतं. ते दोन-तीन महिने टिकलं. शिक्षण संपवून तो घरी आला, सिंदीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि गिटार कपाटावर गेली. दोन पावसाळे ती तिथंच पडली होती. एका दिवाळीला देवकाबाई जळमटं झाडायला स्टुलावर चढली आणि तिनं ती खाली काढली. तारांवरून बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं.

"पाहा जी, हे तर नळाच्या पायपावानी झालं," ती म्हणाली.

गिटार वाजवावी असं तिच्या मनात का आलं, ते तिला कोणी विचारलं नाही. मधुकररावांनी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "पडून हाय न घरात." ती भजनात टाळ वाजवायची. प्रेमदासनं वर्ध्याहून नवीन तारा आणून लावून दिल्या. मुलगी काजल नागपूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिला मैत्रिणींमुळे थोडी गिटार यायची. ती फोनवर आईला बोटं कुठं ठेवायची ते दाखवायची. बोटं ठेवायच्या तीन जागा देवकाबाईला आल्या. तीन जागांवर बहुतेक भजनं निघतात, असं तिचं म्हणणं होतं. तारांनी नवशिक्याची बोटं सोलून निघतात म्हणे. हिची निघाली नाहीत. जन्मभर कापूस वेचून, बोंडाचे काटे लागून लागून तिच्या बोटांना आधीच घट्टे पडले होते.

मधुकररावांना गिटारातलं काही कळत नव्हतं. लोखंडातलं कळत होतं. वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारं लोखंडी पातं, काम आटोपलं की ते ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावून ठेवायचे, पुढच्या हंगामापर्यंत तिला डाग पडायचा नाही. नव्या तारा आल्या त्याच आठवड्यात त्यांनी कोणाला न सांगता चिंधी त्या ऑइलात बुडवली आणि सहाही तारांना वरून-खालून चांगलं चोपडलं. दुपारी देवकाबाईनं गिटार घेतली आणि तिचे दोन्ही हात, लुगडं आणि गिटारची पिवळी लाकडी छाती काळी झाली.

"हे कोणी केलं?"

"जंग चढू नाई म्हून केलं."

देवकाबाई आधी रागावली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अवो, गिटार हाय ते, वखर नोय. आता मी देवाचं भजन म्हनू का वावर वखरू?" पुढे महिनाभर गिटारला डिझेलचा वास येत होता. मंडळातल्या बायका तिला विचारायच्या, "देवकाबाई, आज टॅक्टर घेऊन आल्या का?"

मग ती स्वतः वर्ध्याच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन आली. दुकानदारानं तिला सांगितलं, तेल-बिल काही नको. तारांना हवेपेक्षा हाताचा घाम जास्त खातो. घामात मीठ असतं. वाजवण्याआधी हात धुवायचे, कोरडे करायचे. वाजवून झालं की सुती फडक्यात एकेक तार चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायची. तारेच्या खालची बाजूही पुसायची, लोक ती विसरतात. आणि मग पिशवीत ठेवायची.

देवकाबाईच्या हाताला घाम जास्त. दुसऱ्यांच्या तारा वर्षभर जातात, हिच्या चार महिन्यांत काळ्या पडायच्या. "माह्या हातात मीठच जादा हाय," ती म्हणायची. "भाजी अळणी लागली तर सांगत जा, हात बुडवून देईन." पुसायला तिनं मधुकररावांच्या जुन्या बनियनचं फडकं घेतलं होतं. ते गिटारच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं असे. कितीही उशीर होवो, भजनाहून आली की आधी तारा पुसायची, मग पाय धुवायची.

हिंगणीच्या त्या पहाटे तारा पुसायच्या राहून गेल्या. फडकं घरी विसरलं होतं. हे प्रेमदासनं तेरवीच्या दिवशी सांगितलं. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

"मीच म्हनलो त्यायले, पदरानं पुसा न वैनी, ऑटोवाला कटकट करून राह्यला. तर म्हने, पदर पोलिस्टरचा हाय, तो घाम नाई घेत, घरी गेल्यावर पुसीन." प्रेमदासनं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "तवाच पुसू द्यायले पायजे होतं. तेवढ्या वेळात डुकरं निंगून गेले असते."

मधुकरराव ऐकत होते. तारा पुसायच्या राहिल्या याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला तो संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर.

दहाव्याला घर धुतलं गेलं होतं. ती रीतच आहे. बहिणी, भावजया, शेजारच्या बायका आल्या आणि त्यांनी भिंतींपासून उंबरठ्यापर्यंत सगळं धुतलं. गादी दिली. गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुतल्या. उशीचा अभ्रा धुतला. लुगडी वाटली. तिचा कंगवा, तिच्या चपला कुठं गेल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी चुकलं नव्हतं. सुतक फेडायचं म्हणजे असंच फेडतात. मधुकररावांनी स्वतः नळी धरली होती.

पण तेरवीच्या संध्याकाळी त्यांनी उशी नाकाशी नेली तर तिला धुण्याच्या पावडरीचा वास आला. त्यांनी कपाट उघडलं. कपाटात डांबरगोळ्या होत्या. खिळ्यावरचं फडकं पाहिलं, ते धुऊन पांढरं झालं होतं. एवढं पांढरं ते कधीच नव्हतं. तेव्हा त्यांनी खाटेखाली सरकवलेली गिटार काढली आणि पिशवीतून बाहेर घेतली. ती कोणी धुतली नव्हती, कारण गिटार धुवायची असते असं कोणाच्या मनात येणार?

तारांवर वरच्या भागात, जिथं डाव्या हाताची बोटं दाबतात, तिथं काळसर चिकट थर होता. पुसटसाच, पण होता. दिव्याखाली धरलं की दिसायचा.

काजल आत आली. ती दुसऱ्या दिवशी नागपूरला परत जाणार होती.

"बाबा, तारा पुसल्या का कोणी?"

"नाई."

"मंग द्या इकडे, मी पुसून टाकतो. आईच्या हाताले लय घाम. असंच ठेवलं तर जंग चढून जाईन." तिनं खिळ्यावरचं फडकं काढलं.

मधुकररावांनी तारांवर आडवा हात धरला. पण तारांना तो लागू दिला नाही. "राहू दे."

"काऊन?"

"हा घाम कोनाचा हाय?"

काजलनं पुढे केलेलं फडकं मागे घेतलं.

"साऱ्या घरात तेवढाच राह्यला," ते म्हणाले. "बाकी तर आपन धुऊन टाकलं."

काजल खाली बसली. थोडा वेळ तिनं फडक्याच्या घड्या घातल्या. नर्सच्या कामामुळे तिला वाईट गोष्ट सरळ सांगायची सवय होती. "बाबा, पन तोच घाम तारा खाते. तुम्ही पुसलं तर घाम जाईन. नाई पुसलं तर तारा जाईन, आन् त्याच्यासंगं घामही जाईन. दोन्ही कसे ठेवान?"

"पाहतो मी."

"काय पाहता?"

"पाहतो म्हनलो न."

तिनं जास्त ताणलं नाही. बुटांच्या डब्यात ओल शोषायच्या लहान पुड्या येतात, तशा दोन-तीन तिच्याकडे होत्या. त्या तिनं गिटारच्या पिशवीत टाकल्या. "ओल नका लागू देजा," ती म्हणाली. "ओल नाई लागली तर काही दिवस जातीन."

ओल लागू द्यायची नाही, एवढं मधुकररावांनी धरलं. हिवाळा होता, हवा कोरडी होती. गिटार पिशवीत, पिशवी खिळ्याला. रोज संध्याकाळी ते ती उघडून पाहत आणि हात न लावता परत बंद करत. डिसेंबरात दोन दिवस आभाळ आलं आणि बारीक पाऊस झाला. भिंतीला हात लावला तर गार लागला. मधुकररावांना झोप आली नाही.

दुसरी एक काळजी रोशनची होती. तो गिटारकडे पाहत नव्हता. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, ते देऊन टाका कोणाले तरी."

"काय?"

"ते खिळ्यावरचं."

"का लागते तुले त्याचं?"

"मले दिसते न ते रोज," रोशन म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

घरात सगळ्यात कोरडी जागा कोणती, याचा मधुकररावांनी विचार केला. मधल्या खोलीत दुसऱ्या आणि तिसऱ्या वेच्याचा कापूस होता. भाव चढेल म्हणून गावात सगळ्यांनीच घरात ठेवला होता. ढीग आढ्याला टेकायला आला होता. त्यात हात घातला की आत ऊब लागायची. कापूस वाळलेला होता, हे त्यांनी स्वतः वाळवला म्हणून त्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी चांदीचे गोट कापसात ठेवले होते. काचेचा कंदील कापसात ठेवायचे. दुपारी रोशन दुकानात असताना मधुकरराव ढिगावर चढले, कोपराएवढा खोल खड्डा केला, गिटार पिशवीसकट आत ठेवली आणि वरून कापूस लोटला.

कोणाला सांगितलं नाही. काजलला सांगावं तर ती पुसायचं म्हणेल. रोशनला सांगावं तर तो देऊन टाकायचं म्हणेल. खिळा रिकामा दिसल्यावर रोशनला वाटलं काजल घेऊन गेली. काजलला वाटलं गिटार खिळ्यावरच आहे. बापलेकांत आता बोलणं फार होत नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला विचारलं नाही.

मधुकरराव रोज एकदा ढिगात हात घालत. पिशवीचं कापड हाताला लागलं की बरं वाटायचं. आत कोरडं असायचं, ऊब असायची. पण घरात साठवलेला कापूस अंगाला खाज आणतो. त्यांच्या दोन्ही हातांवर लाल पुरळ आलं, मग मानेवर, मग छातीवर.

"किती खाजवता बाबा," रोशन म्हणाला. "कापूस इकून टाकू आपन."

"भाव येऊ दे."

"भाव आला. आता काय सोन्याचा येईन का? साऱ्यांनी इकला."

"थांब म्हनलो न."

"त्या खोलीत जाताच काऊन तुम्ही? राखन करता का कापसाची? कोनी नेत नाई तो."

मधुकरराव मान खाजवत उठून गेले. रोशनला वाटलं, बाप आईच्या दुःखात काहीच ठरवू शकत नाही, आता आपणच ठरवावं. त्याच्या ठिकाणी कोणालाही तसंच वाटलं असतं.

जानेवारीत मधुकररावांची बहीण रुख्माबाई वडनेरला आजारी पडली. ते तिला भेटायला गेले. तिनं दोन रात्री ठेवून घेतलं, खाजेला कडुनिंबाचं पाणी लावून दिलं. ते येईपर्यंत रोशननं गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याशी बोलून गाडी ठरवली.

आता गाडी यायची म्हणजे कापसाला पाणी मारायचं. हे गावात सगळे करतात आणि कोणी बोलत नाही. वजन थोडं वाढतं. घरोघरी हे काम बायका करतात, कारण त्यांचा हात हलका असतो. देवकाबाई दरवर्षी करायची. बादलीत कडुनिंबाची डहाळी बुडवायची आणि अंगणात सडा टाकावा तशी, दारातूनच, वरवर झटकायची. व्यापाऱ्यानं हात घातला तरी त्याला कळायचं नाही. आता देवकाबाई नव्हती. रोशनला तो हात नव्हता. त्यानं फवारणीचा पंप धुऊन घेतला, पाठीला लावला, ढिगावर चढला, आणि सगळीकडे सारखं मारलं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा निरोप आला की गाडी दुसरीकडे अडकली, उद्या येतो. तोवर वरचं वाळलं असेल म्हणून रोशननं अजून एक पंप मारला.

मधुकरराव वडनेरहून आले ते दुपारी. रोशन अंगणात पोती झटकत होता.

"बाबा, गाडी येऊन राह्यली थोड्या वेळानं. तुम्ही काही करू नका, मी पाहून घेतो सारं."

मधुकररावांनी पिशवी खाली ठेवली आणि ते मधल्या खोलीत गेले. ढिगात हात घातला. आत गरम होतं. ओला कापूस दाबून राहिला की तापतो, हे त्यांना माहीत होतं. ते ढिगावर चढले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागले.

रोशन दारात आला. "काय करून राह्यले? अवो, पडान न! बाबा!"

पिशवी निघाली. ती जड झाली होती. मधुकरराव ती घेऊन अंगणात आले, खाटेवर ठेवली आणि तिची चेन ओढली. चेन अडकली. रोशननं पुढे होऊन ती सरकवली. गिटार बाहेर काढताना सगळ्यात बारीक तार पिशवीच्या काठाला लागली आणि तुटली. फार आवाज झाला नाही. उरलेल्या पाचही तारा तांबड्या झाल्या होत्या. काजलच्या पुड्या फुगून फुटल्या होत्या आणि त्यातले दाणे लाकडाला चिकटले होते.

"हे हितं होतं?" रोशन म्हणाला.

"तू पानी मारलं?"

"मारलं. गाडी येऊन राह्यली होती."

"कोनाले इचारून?"

"तुम्ही कोनाले इचारून ठेवलं हितं? मले काय सपन पडते का?" रोशनचा आवाज चढला. "दरसाल आईच मारे पानी. ते नाई म्हून मी मारलं. मी का वेगळं केलं?"

मधुकररावांचा हात वर गेला होता. तो कशासाठी वर गेला हे दोघांनाही कळलं. रोशन जागचा हलला नाही. मधुकररावांनी तो हात खाली आणला आणि मानेवर खाजवलं.

"आईच मारे," ते म्हणाले. "खरं हाय."

तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी आली. कापूस भरून गेला. संध्याकाळी मधली खोली रिकामी होती आणि तिच्यात बोललं की आवाज घुमत होता. रोशननं कोपऱ्यात सापडलेली कंदिलाची एक जुनी काच उचलून फळीवर ठेवली. मग तो बापाजवळ येऊन बसला.

"ते आईच्या हाताचं होतं का त्याच्यावर?" त्यानं विचारलं. "काजल म्हने आता फोनवर."

"हो."

"मले सांगतलं असतं तर मी हात नसता लावला बाबा."

"तू देऊन टाका म्हने न."

"ते मी आननारा होतो म्हून म्हनलो," रोशन म्हणाला. "मी आनली नसती तर तिनं दांडा धरला असता."

मधुकरराव त्याच्याकडे पाहत राहिले. एवढे दिवस दोघं एका घरात जेवत होते आणि त्यांना हे सुचलं नव्हतं. "त्यानं काही नाई होत," ते म्हणाले. "डुकरं थोडी तू आनले." रोशन हसला नाही, पण उठून त्यानं दोघांसाठी चहा केला.

रविवारी काजल आली. तिनं नव्या तारांचं पाकीट आणलं होतं. गिटार तिनं मांडीवर आडवी घेतली आणि उजेडात नीट पाहिली. तारांना सगळीकडे गंज होता, पण सारखा नव्हता. वरच्या भागात काही ठिकाणी तो जाड होता, त्याचे कण बोटाला टोचले असते. बाकी ठिकाणी पातळ होता.

"बाबा, इकडे पाहा." तिनं आपली बोटं तारांच्या वर नेली आणि न दाबता, न टेकवता, जिथं गंज जाड होता तिथं तिथं धरली. "ही पह्यली जागा. ही दुसरी. ही तिसरी. आईले तीनच येत होत्या."

मधुकररावांनी पाहिलं. बोटं बरोबर बसत होती.

"घाम होता तिथं जादा चढला," काजल म्हणाली.

"वाजीन का?"

"तुटतीन बाबा. आन् हाताले लागून निंगून जाईन ते."

"मंग नको."

काजलनं गिटार खाली ठेवली. तिचे डोळे ओले होते. तिनं ते पुसले आणि हात आधी ओढणीला कोरडे केले, मगच गिटारला लावले. ते पाहून मधुकररावांनी मान वळवली. अगदी तसंच देवकाबाई करायची.

विमलाबाईचा निरोप होता. वर्षश्राद्धाला मंडळ घरी येऊन भजन करणार, आणि भजन गिटारवर व्हायला पाहिजे, असं सगळ्या बायकांचं म्हणणं होतं. वाजवायचं काजलनं. काजल हो म्हणाली होती. पण तिला आईची भजनं बसवायला वेळ लागेल, त्यासाठी दर सुट्टीला येऊन सराव करावा लागेल, आणि त्यासाठी आधी गिटारवर वाजतील अशा तारा पाहिजेत.

"मी आताच बदलून टाकू का?" तिनं विचारलं. "थोडाच वेळ लागते. ही किल्ली ढिली करायची, ही पिन उपटायची, तार निंगते. मंग लाकूड पुसून नवीन लावायची."

"मी काढीन."

"तुम्हाले जमन?"

"लोखंडच हाय न. जमन."

"पन ऑइल नका लावजा बाप्पा."

हे ती हसवायला म्हणाली. मधुकरराव थोडे हसलेही. मग म्हणाले, "नाई लावत."

"कधी काढान?"

"काढीन न."

ती पुढच्या सुट्टीला आली तेव्हा तारा तशाच होत्या. तिनं पाकीट खिडकीत ठेवलं. त्याच्या पुढच्या सुट्टीला तिनं मोबाइलवर भजन ऐकून नुसत्या मांडीवर बोटं बसवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. विमलाबाई रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, दिवस जाऊन राह्यले, पोरीले शिकू द्या." मधुकरराव म्हणाले, "हो, करतो."

गिटार आता पिशवीत नाही. उघडीच खिळ्याला आहे. ओल लागू नये म्हणून जपण्यासारखं काही राहिलेलं नाही. कोणी दार जोरात लावलं की तारांवरून थोडी तांबूस भुकटी सुटते आणि खाली फरशीवर पडते. सकाळी घर झाडताना मधुकरराव तेवढी जागा सोडून झाडतात. रोशनला ते दिसतं. तोही पाय टाकताना ती जागा सोडतो.

दोनदा त्यांनी गिटार खाली घेतली. एकदा पहिली किल्ली अर्धी फिरवली आणि तार ढिली पडताना पाहून परत घट्ट करायला गेले, पण तुटेल म्हणून हात तिथंच थांबवला. ती तार तेव्हापासून अर्धी ढिलीच आहे.

पुसायचं फडकं गिटारशेजारी टांगलेलं आहे, पांढरं. नव्या तारांचं पाकीट खिडकीत आहे, ते फोडलेलं नाही. जुन्या पाच तारा अजून काढायच्या राहिल्या आहेत.